आणखी एक घोट

आमचे सर आल्यागेल्या प्रत्येकाला पाणी द्यायचे. टेबलाच्या कोपऱ्यात काचेचा जग, शेजारी काचेचा पेला. माणूस खुर्चीत टेकतोय न टेकतोय तोच पेला त्याच्या हातात. "पाणी घ्या." त्या अख्ख्या इमारतीत घसा ओला करायला कोणी कोणाला विचारत नसे, त्यामुळे पहिल्या भेटीत सगळ्यांना वाटायचं, काय देवमाणूस आहे! काचसामान विकणारे, टेलिफोनवाले, विम्याचे एजंट, सगळे दोन घोट पिऊन खूश व्हायचे. आणि सर खुर्चीत पुढे सरकून, मान तिरकी करून, त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत बसायचे. बघून समाधान झालं नाही तर म्हणायचे, "आणखी एक घोट."

मी मुलाखतीला गेले तेव्हा मलाही तेच. घाटकोपरहून बस पकडून, साकीनाक्याची धूळ खात, साडीच्या निऱ्या सांभाळत मी मरोळच्या त्या प्रयोगशाळेत पोचले. एम.एस्सी.चे कागद छातीशी धरलेले. सरांनी कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि पेला पुढे केला. मी प्यायले.

"आजोळ कुठलं?"

"मालवणकडचं."

"आजी आहे?"

"नाही. गेली."

"कशानं?"

"म्हातारपणानं."

"म्हातारपण हे कारण नसतं," सर म्हणाले. "आणखी एक घोट." मी पुन्हा प्यायले. "ठीक आहे. उद्यापासून ये."

कागद मी आणले तसेच परत नेले. आईला सांगितलं, नोकरी लागली. ती म्हणाली, काय विचारल्यानी? मी म्हटलं, आजी कशानं गेली ते.

पाण्याचा उलगडा गावडेंनी केला. गावडे आमच्या उंदीरघराची सगळी व्यवस्था बघायचे. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, साहेब पाणी देत नाय, साहेब गळा बघतो. थायरॉइडची गाठ असली ना, तर पाणी गिळताना वर सरकते. माझापण बघितला. माझ्या बायकोचापण. सासऱ्याला घेऊन ये म्हणत होता, मी म्हटलं तो गावाला असतो."

तर असे आमचे सर. आज ते नाहीत म्हणून हे लिहितेय असं कोणी समजू नये. असते तरी लिहिलं असतं आणि त्यांना वाचायलाही दिलं असतं. त्यांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आजोळावर ढकलल्या असत्या, तेवढंच.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सरांकडे उंदरांची दोन खानदानं होती. एक तपकिरी, एक पांढरं. दोन्ही परदेशातून आणलेली आणि कित्येक पिढ्या सख्ख्या भावाबहिणींची लग्नं लावून शुद्ध ठेवलेली. त्यामुळे एका खानदानातला कुठलाही उंदीर घ्या, दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. आईला हे सांगितलं तेव्हा ती चपाती लाटायची थांबली. "शी! आणि ह्यां शिकूक तुका एवढा शिकवला?"

या उंदरांना आम्ही उंदरांच्याच थायरॉइडमधून काढलेलं प्रथिन तेलात घुसळून टोचायचो. काही आठवड्यांनी तपकिरी उंदरांची थायरॉइड बिघडायची. म्हणजे त्यांच्या शरीराची फौज चुकून आपल्याच ग्रंथीवर तुटून पडायची. काचपट्टीवर तो छेद बघितला की निळ्या पेशींचे पुंजके असे दिसायचे, फोडणीची मोहरी सांडावी तसे. पांढऱ्या उंदरांना मात्र तीच सुई, तेच तेल, तेच प्रथिन टोचलं तरी काही म्हणता काही होत नसे. मजेत खायचे-प्यायचे आणि चाकावर पळायचे.

"सुई एकच, खानदान वेगळं!" सर म्हणायचे. दिवसातून किती वेळा म्हणायचे ते मोजायची सोय नव्हती. काचपट्टी चांगली आली की म्हणायचे, चहा थंड आला तरी म्हणायचे. चहावाल्याला बिचाऱ्याला वाटायचं, साहेब आपल्याला आईवरून काही बोलतायत.

आता उंदरांपुरतं हे ठीक होतं. तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मीही मान्य करते. उंदराची थायरॉइड ती केवढीशी, ज्वारीच्या दाण्याहून लहान, ती भिंगाखाली न फाडता सोडवणारी त्यांची बोटं मी अजून विसरले नाही. पण सरांनी ते ज्ञान पिंजऱ्यात ठेवलं नाही. ते त्यांनी जगावर सोडलं. बसचा कंडक्टर खेकसला, की तो तपकिरी. टायपिस्ट बाई तापातही कामावर आल्या, की त्या पांढऱ्यांतल्या. कोणाला नोकरीत बढती मिळाली, कोणाचं पोर नापास झालं, कोणाचं डोकं दुखलं, सगळ्याला एकच प्रश्न, "आजोळ कुठलं?" एकदा इमारतीत चोर पकडला. पोलीस यायच्या आधी सर त्याला पाणी पाजून मोकळे झाले. चोराने आजोळ सांगितलं, ते सरांच्याच तालुक्यातलं निघालं, मग मात्र विषय बदलला.

उंदीरघरात त्यांचा कायदा कडक. गजरा घालून आत यायचं नाही, पावडर लावायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. "बाळंतीण आहे!" असं ओठांवर बोट ठेवून सांगायचे. डिसेंबरात जरा गारवा पडला की गावडेंना ओरडून पिंजऱ्यात कापूस घालायला लावायचे. आणि तपकिरी-पांढऱ्याचं लग्न लावायचं असेल, तर ते फक्त सर लावणार. प्रयोगासाठी तशी मिश्र जोडपी लागायची, त्यांचे पिंजरे वेगळे, त्यांच्यावर लाल चिठ्ठी. आंतरजातीय विवाह साहेबांच्या सहीशिवाय नाही, असं गावडे म्हणायचे. त्या मिश्र पिल्लांना सुई टोचली की त्यांचीही थायरॉइड बिघडायची, तपकिरी बापाएवढी नाही, पण बिघडायची. त्यावरून सरांचं दुसरं वचन तयार झालं, "एका बाजूनं आलं तरी पुरतं."

हे दुसरं वचन लक्षात ठेवा.

एकदा भलतंच झालं. शुद्ध पांढऱ्यांच्या पिंजऱ्यात एका पांढऱ्या मादीला झालेल्या पिल्लांना केस फुटले ते सगळे तपकिरी. गावडेंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. सरांनी आम्हाला सगळ्यांना रांगेत उभं केलं. "माझ्या घरात कोण घुसलं?" घरात म्हणे! कोणी दार उघडं टाकलं, कोणी झाकण नीट लावलं नाही, चौकशीवर चौकशी. शेवटी सापडलं काय, तर दोन पिंजऱ्यांमधल्या जाळीला पडलेलं भोक. पाण्याची बाटली आडवी बसवायची स्वतःची नवी पद्धत काढून सरांनीच ते पक्कडीने मोठं केलं होतं. शेजारचा तपकिरी पठ्ठ्या तिथूनच आला आणि गेला. सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आणि पिल्लं कशी झाली म्हणता? झकास! अख्ख्या उंदीरघरात तेवढी गुबगुबीत, टणक पिल्लं दुसरी नव्हती. सरांना त्याचाच जास्त राग होता.

उंदीरघराचा एसी बिघडला की सरांचा मुलगा यायचा. हेमंत. इंजिनियर होता, अंधेरीतल्याच एका एसीच्या कंपनीत. सरांना ते कमीपणाचं वाटे. कोणी विचारलं की "तो थंड हवेच्या क्षेत्रात आहे" असं सांगायचे. जणू महाबळेश्वरला असतो! हेमंत यायचा, स्टुलावर चढायचा, यंत्राचं पोट उघडायचा आणि मी खाली उभी राहून स्क्रू धरायचे. बापासारखा एक शब्दही कधी बोलला नाही. पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं, "चहा घेणार?" पाणी नाही, चहा! मी तिथेच विरघळले. पुढे ते यंत्र फारच वारंवार बिघडायला लागलं. गावडे गालात हसायचे आणि सरांना सांगायचे, "साहेब, मशीन जुनी झालीय."

हेमंतची आई मी तोवर एकदाच पाहिली होती. सर चष्मा घरी विसरले म्हणून तो द्यायला मुलुंडहून आल्या होत्या. मे महिना, घामाने आमची डोकी भिजलेली, आणि या बाई साडीवर स्वेटर घालून. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, चाल अशी की पाऊल उचलायचाही कंटाळा असावा. सरांनी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि भिंगात डोकं घातलं. त्या खोलीत कोणीतरी आलं आणि पाण्याचा जग जागचा हलला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी गावडेंनी त्यांना बाहेर बाकावर बसवून चहा दिला. त्या गेल्यावर सर आमच्याकडे वळून म्हणाले, "हिच्या माहेरच्या सगळ्या अशाच. आळशी खानदान! दुपारी झोपा काढतील, मे महिन्यात कुडकुडतील. सुई एकच, खानदान वेगळं." आम्ही हसलो. साहेब विनोद करतो तेव्हा हसायचं असतं.

हेमंतने घरी आमचं सांगितलं, तेव्हा सर चक्क खूश झाले. मला केबिनमधे बोलावून म्हणाले, "मी जात मानत नाही. पत्रिका मानत नाही. हुंडा तर मुळीच नाही. तुझा गळा मी मुलाखतीतच पाहिलाय. फक्त तुझ्या आईला एकदा भेटतो."

मला वाटलं, किती पुढारलेला माणूस!

रविवारी सर आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत आले, एकटेच. बाबा कारखान्यात टाइमकीपर होते, ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. आईने कांदेपोहे केले होते, वर खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. मी ट्रे घेऊन आले, तर सर माझ्याकडे बघतही नाहीत. ट्रेमधला पाण्याचा पेला उचलून त्यांनी तो माझ्या आईपुढे धरला.

"पाणी घ्या."

आई गोंधळली. "मी? मी घरचीच. तुमी घेवा."

"घ्या हो. एक घोट."

पाहुणा एवढा आग्रह करतोय म्हणून आई बिचारी लाजत प्यायली. आईच्या गळ्याला एक लहानशी गाठ होती, सुपारीएवढी, मी लहानपणापासून बघत आलेली. तिच्या मंगळसूत्रासारखीच मला ती तिची वाटायची. ती गाठ वर सरकली, खाली आली.

"आणखी एक घोट," सर म्हणाले. आई पुन्हा प्यायली. "तुमच्या आईला होतं हे?"

"होता की."

"मावशीला?"

"मावशीकपण होता. कित्याक?"

सर उठले. पोह्यांना हात लावला नाही. चप्पल घालताना बाबांना म्हणाले, "घर स्वच्छ आहे तुमचं." आणि जिना उतरून गेले. आई दारात उभी, हातात तो अर्धा पेला. "माझा काय चुकला गो?" तिने मला विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, सरांनी फळ्यावर माझी वंशावळ काढली. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. माझी आजी, आईची मावशी आणि आई, गाठवाल्या तिघींचे गोल खडूने गच्च भरलेले. माझा गोल त्यांनी खडूने अर्धाच भरला आणि शेजारी हेमंतचा चौकोन स्वच्छ, कोरा. "बघा," ते टायपिस्ट बाईंना समजावून सांगायला लागले, "एका बाजूनं आलं तरी पुरतं. उद्या नातवंडं अशी निघणार." मग माझ्याकडे वळले. "वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या हातात काही नाही. प्रयोगात सिद्ध झालेल्या गोष्टीला मी नाही कसं म्हणू?"

असा संताप आला! पत्रिका बघणारे परवडले. पत्रिका निदान बदलून तरी आणता येते.

"सर," मी म्हटलं, "तपकिरी उंदराला सुई टोचलीच नाही तर?"

"तर काय?"

"तर त्याला काहीच होत नाही. आयुष्यभर ठणठणीत राहतो. गावडेंच्या कपाटामागे न टोचलेल्यांचे पिंजरे आहेत, ते बघा. मग माझी सुई कुठाय?"

त्यांनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, मी जिंकले. तर म्हणतात, "माणसाला सुई आयुष्य टोचतं. बाळंतपण टोचतं. दुखणं टोचतं. आपल्याला टोचल्याचं कळतसुद्धा नाही." आणि फळा न पुसताच चहाचा कप घेऊन आत गेले. फळा गावडेंनी पुसला. तेवढं एक वाक्य सर बरोबर बोलले होते, पण ते कोणाबद्दल बोलतायत याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता.

हेमंत म्हणाला, आपण नोंदणी करून मोकळे होऊ. मी म्हटलं, "तू होशील रे मोकळा. माझ्या आईच्या गळ्याला नाव ठेवून तुझा बाप निघून गेलाय. ती आता पाहुण्यांसमोर पदर गुंडाळून बसते. मला हे लग्न हवंय, पण चोरून नकोय." स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून तो तसाच उभा राहिला. लग्न मोडल्यातच जमा होतं. रात्रंदिवस जिवाची नुसती तगमग.

गोष्ट हलवली ती हेमंतच्या आईने. म्हणजे त्या काही भांडल्या नाहीत. भांडण्याएवढी ताकद तेव्हा त्यांच्यात नव्हती. सर घरी सांगत होते, पोहे न खाता आलो म्हणजे नकार पोचला, वेगळं काय कळवायचं. तेव्हा या बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या घरी जाऊन मुलगी पाहिलीत. आता नाही म्हणायचं तर त्यांच्या घरी जाऊनच म्हणायला हवं. जोडीनं. निरोप पोचला म्हणायला ते काय उंदीर आहेत?" हेमंतने मला हे सांगितलं तेव्हा तो स्वतःच चकित झालेला दिसला. आईला एवढं लांब वाक्य बोलताना त्याने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

तर नकार द्यायला ते दोघं जोडीनं आले. मागे हेमंत. आमचा मजला तिसरा. बाई प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरत चढत होत्या, आणि सर पुढे जाऊन वरून बघत होते, "चल गं, चल. असंच असतं तुझं." वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, तरी अंगावर स्वेटर होताच, आणि त्यावर शाल.

आईने या वेळी पोहे केले नव्हते. पण दारात आलेल्याला पाणी द्यायचं नाही असं आमच्याकडे होत नाही. तिने ट्रे आणला आणि सरांना ओलांडून पहिला पेला बाईंपुढे धरला. बाई पेला हातात घेऊन उठायलाच लागल्या आणि आत मोरीकडे बघायला लागल्या.

"काय व्हया?" आईने विचारलं.

"काही नाही... मी आत जाऊन पिते."

"आत कित्याक? बसानच घेवा. पंखो हय आसा."

हे मला पुढे कळलं. त्या घरात बाई सगळ्यांची पानं वाढून, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभ्या राहून जेवायच्या आणि तिथेच, भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायच्या. लग्न झाल्यापासून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. घरात चालतंय तसं चालत आलं होतं. नवऱ्यासमोर खुर्चीत बसून, मान वर करून त्या कधी पाणी प्यायल्याच नव्हत्या.

आईने आग्रह केला म्हणून त्या टेकल्या. गरम होत असावं असं वाटून आईने हाताने त्यांची शाल जरा मागे सारली. त्यांनी मान वर केली आणि प्यायल्या.

सर नकाराचं भाषण सुरू करणार होते. "हे बघा, व्यक्तिशः माझं काही..." एवढं म्हणाले आणि सवयीने नजर गेली. थांबले. पुढे सरकले. मान तिरकी झाली. आईची गाठ सुपारीएवढी, तर ही चांगली लिंबाएवढी, दोन्ही बाजूंना पसरलेली. वर सरकली, खाली आली.



"आणखी एक घोट," सर म्हणाले. आवाज असा की मी ओळखला नाही. बाईंना काही कळलं नाही, त्या निमूट प्यायल्या.

"हे... हे कधीपासून?"

"काय?"

"गळ्याला."

"हेमंतच्या बाळंतपणानंतर आलं."

"मला बोलली नाहीस?"

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "थंडी वाजते, झोप येते, गळा जड वाटतो, सगळं बोलले होते. तुम्ही म्हणालात, माहेरची सवय आहे."

त्या हे काही टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. बाजारात काय काय मिळालं ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात बोलल्या. त्यामुळेच ते जास्त लागलं. हेमंतने खाली मान घातली.

आई सरांसमोरच्या स्टुलावर बसली. बाईंचा हात तिने हातात घेतला होता. "बायनू, तुमच्या आवशीक होता ह्यां?"

"होतं."

"मावशीक?"

"दोघी बहिणींनाही आहे."

आईने मान डोलावली, अगदी सरांसारखी तिरकी करून. मग सरांकडे वळली. "मगे आता आमका विचार करूक व्हयो. आमचा चेडू ह्या घरात देवचा काय नाय."

बाबा दचकले. बाबांना माणसं दुखावलेली चालत नसत. पण मला कुठला धीर! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "सर, एका बाजूनं आलं तरी पुरतं ना?"

फळ्यावरचा तो कोरा चौकोन सरांसमोरच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे. आयुष्यभर भिंगातून बघितलेलं सगळं एकदम साध्या डोळ्यांना दिसायला लागलं की माणसाची काय गत होते, ते मी त्या दिवशी पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. आणि मग बाईंचा सुजलेला चेहरा दिसला आणि ते बरं वाटणं तिथेच थांबलं.

"पोहे कर गो," आई मला म्हणाली. "त्या दिसा तसेच टाकून गेल्यानी. आज खाल्ल्याशिवाय सोडूचंय नाय."

सरांनी पोहे खाल्ले. सगळे. खोबरंसुद्धा टाकलं नाही. आईने दुसऱ्यांदा वाढले ते पण खाल्ले. नकाराचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही विहिणी एकाच डॉक्टरकडे, एकाच दिवशी गेल्या. विहिणी असं मी म्हणतेय खरी, पण तेव्हा अजून काही ठरलं नव्हतं. त्या दोघींनी ते परस्पर ठरवून टाकलं होतं. आईच्या गाठीला काही करायची गरज निघाली नाही. बाईंना मात्र रोज सकाळी उपाशी पोटी एक गोळी सुरू झाली. उंदरांवर जे करून करून सरांची दाढी पांढरी झाली, तेच दुखणं, तसंच्या तसं, त्यांच्याच स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवत होतं.

आणि गोळीने काय कमाल केली सांगू! आधी शाल गेली, मग स्वेटर गेला. चेहऱ्याची सूज उतरली, तेव्हा कळलं की बाई दिसायला छान होत्या. सगळ्यात शेवटी आवाज आला. खणखणीत! इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते आता रोज बाहेर पडायला लागलं. आळशी खानदान म्हणे! सर सकाळी लवकरच प्रयोगशाळेत यायला लागले. गावडेंनी मला डोळा मारला. "घरी सुई लागली वाटतं."

लग्न झालं. साधंच, मुलुंडच्या एका हॉलमधे, आणि तिथून सासूबाईंनी माझ्या आईलाही ओढत घरी नेलं. संध्याकाळी मी माप ओलांडून आत आले, आणि खुर्चीत बसले न बसले तोच सर समोर हजर. हातात पेला. बाकी घरात कोणाला काही सुचत नव्हतं, पण सरांना पेला बरोबर सुचला. पाहुण्यांपैकी कोणीतरी भरून टेबलावर ठेवलेला असावा.

"पाणी घे," ते म्हणाले. सवय हो, दुसरं काय. गळा तर त्यांनी मुलाखतीतच पाहिला होता.

मी हात पुढे केला, तोच मधल्या मधे सासूबाईंनी तो पेला काढून घेतला. सोफ्यावर बसल्या. पाठ टेकली. सगळी वऱ्हाडी माणसं बघत असताना, मान वर करून, सावकाश, घोट घोट करत तो अख्खा पेला प्यायल्या. सर बघत उभे. कोणी त्यांना बघायला सांगितलं नव्हतं आणि बघू नका असंही म्हटलं नव्हतं.

पेला रिकामा झाला तेव्हा त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला. "हा खरकटा झाला. सुनेला दुसरा आणा."

सर स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आतून भांडी इकडची तिकडे केल्याचे आवाज येत राहिले. फडताळाची दारं उघडली, मिटली. एक डबा पडला. अख्ख्या मरोळला पाणी देणारा माणूस!

"अगं," शेवटी आतून हाक आली, "आपल्याकडे पेले कुठे असतात?"

हेमंत उठायला लागला. सासूबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं, आणि पाय पुढे पसरून माझ्या आईशी बोलायला लागल्या.